जिन्यावरची पावलं

भिंगरीच्या बाबांना एक खोड होती. दुकानात चामडं शिवायचं मशीन कितीही घाईत चालू असो, गिऱ्हाईक दारात कितीही ताटकळत उभं असो, वरचं दार करकरलं आणि भिंगरी जिना उतरायला लागली की ते मशीनचा पायाखालचा पायटा सोडून द्यायचे. चाक आपलं आपण फिरून थांबायचं. मग ती खाली येईपर्यंत बाबा मान खाली घालून नुसते बसून राहायचे. ती खाली आली की पुन्हा मशीन सुरू. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, "काय हो, साहेब उतरतायत का?" बाबा म्हणायचे, "साहेबच समजा."

हे तिच्या लहानपणी एकदा सुरू झालं ते पुढे सुटलंच नाही. ती कॉलेजात गेली, नोकरीला लागली, लग्न होऊन गेली, तरी माहेरी आली आणि जिन्यावर पाऊल टाकलं की खाली मशीन बंद. नवऱ्याने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, सासरेबुवांना जावयाचा राग आलाय. तिने त्याला सगळं सांगितलं नाही. सांगायला बसलं तर आई आठवायची आणि मग सांगणं अर्ध्यावर राहायचं.

आता भिंगरीचे केस पिकायला लागलेत. आई नाही, आत्याही नाही. बाबांचे हात थरथरतात आणि कानही पार गेलेत. दुकान पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या ताब्यात जाणार. आज कापडी पिशव्या शिवणाऱ्या एक बाई मशीन बघायला यायच्या होत्या, म्हणून बाबा सकाळपासून खाली जाऊन बसले होते, आणि भिंगरी वरच्या खोलीत कपाट रिकामं करत होती. तळच्या कप्प्यात, जुन्या स्वेटरात गुंडाळलेला, लहान मुलीच्या जोड्यांचा एक जोड निघाला. तपकिरी, बक्कलवाला, सपाट टाचेचा. ती पलंगावर बसली आणि कपाट राहिलं तसंच.

भिंगरी हे तिचं कागदोपत्री नाव नव्हे, पण ते नाव घरात कुणाला आठवायचंही नाही. लहानपणी ती चालायचीच नाही, फिरायची. दुधाचा पेला आण म्हटलं तर दोन गिरक्या घेऊन आणणार आणि अर्धं दूध जमिनीला पाजणार. खाली दुकान, वर घर आणि मधे लाकडी जिना. त्या जिन्यावरून ती अशी धडाधड उतरायची की बाबांच्या भिंतीवर टांगलेले लाकडी पाय हलायचे. जोडे ज्यावर चढवून शिवतात ते साचे म्हणजे हे लाकडी पाय. लहान-मोठे, रुंद-अरुंद, एक तर अख्ख्या गल्लीत कुणाचा नसेल इतका मोठा. डिंकाचा आणि ओल्या चामड्याचा वास, मेण लावलेला दोरा, बाबांची चामडं कापायची रापी, आणि त्या सगळ्यातून गरगर फिरणारी ही पोर. आत्या वैतागून म्हणायची, "अगं, जरा टेक कुठेतरी. तुला बघून मला घेरी येते."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. त्याचं वाईट तिला कधी वाटलं नाही, लोकांनाच वाटायचं. तिचे गुडघे दुखायचे आणि ते दुखणं तिने पदवी मिळाल्यासारखं मिरवलं होतं. हवा बदलली की सगळ्या गल्लीला आधी तिच्या गुडघ्यांकडून कळायचं.

भिंगरी पहिली-दुसरीत असेल. एका हिवाळ्यात ती फिरायची थांबली. एकदम थांबली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण आधी गिरक्या कमी झाल्या, मग पळणं गेलं, मग शाळेच्या मधल्या सुट्टीत ती पायरीवर बसून दुसऱ्यांचे खेळ बघायला लागली. शाळेतल्या बाईंनी कौतुकाने निरोप धाडला की पोरगी आता वर्गात एका जागी बसते. आत्या तर हरखलीच. "बघ, मी म्हणत होते ना, वळण लागेल. शहाणी झाली पोर." सगळ्यांनी शहाणपण म्हणून ते गोड मानून घेतलं. आजारी मूल शांत बसलं की आपल्या घरांतून त्याला आधी शाबासकी मिळते, काय करणार.

आईला मात्र ते शहाणपण पचेना. कारण सकाळी भिंगरीला उठवायचं काम तिचं होतं. सकाळी तिचा डावा गुडघा असा धरलेला असायचा की पाय लांब करता यायचा नाही. अंथरुणातून उठताना ती म्हातारीसारखी पलंगाला धरून उभी राहायची. जिना पायांनी उतरणं जमायचं नाही, म्हणून ती बसून उतरायची. एक पायरी, धप. दुसरी पायरी, धप. आईने विचारलं, "दुखतं का गं?" की ती म्हणायची, "नाही." आणि ते खोटं नव्हतं. दुखत नव्हतं तसं. कुणीतरी आतून गुडघ्याला गाठ मारून ठेवल्यासारखं वाटायचं. शाळा सुटेपर्यंत गाठ सैल व्हायची, आणि सैल झाल्यावर सकाळचं सांगायचं काय?

आईने अंघोळीच्या वेळी दोन्ही गुडघ्यांवर हात फिरवून पाहिला. उजव्या गुडघ्याची वाटी हाताला लागत होती. डावा गुबगुबीत होता आणि हाताला गरम लागत होता. हा पाय असाच आखडून बसला तर? ती एवढंच मनात धरून बसली. दुसरं काही तिला सुचेनासं झालं.

"पडली असेल कुठेतरी," बाबा म्हणाले.

"पडली असती तर एव्हाना बरं वाटलं असतं."

"मग मोठी होतेय. हाडं वाढतात."

बाबांनी हे म्हणताना तिच्याकडे पाहिलं नाही. कारण बाबांना आईच्या आधी दिसलं होतं. त्यांचा जन्म पाय बघण्यात गेलेला. गल्लीतून कोण चाललंय हे ते मान वर न करता नुसत्या टाचेच्या आवाजावरून सांगायचे. त्यांच्या नजरेतून स्वतःच्या पोरीची चाल सुटेल होय? गुडघा सरळ होत नाही, म्हणून पाय आखूड पडतो, म्हणून डावी टाच जमिनीला टेकत नाही आणि पोर लंगडते. एवढं त्यांनी पाहिलं. आणि मग त्यांनी तेच केलं जे दुसऱ्या कुठल्याही बापाला सुचलं नसतं आणि जमलंही नसतं. टाच जमिनीपर्यंत पोचत नसेल तर जमीन टाचेपर्यंत आणायची, हा त्यांच्या धंद्याचा सरळ हिशोब.

एका संध्याकाळी आई बाहेर गेलेली असताना त्यांनी भिंगरीला दुकानातल्या स्टुलावर बसवलं, तिचा डावा जोडा काढला, आतलं अस्तर अलगद उचललं आणि त्याखाली टाचेशी चामड्याची एक पट्टी बसवली. रापीने कडा अशा तासल्या की बोट फिरवलं तरी कळू नये. वरून अस्तर पुन्हा चिकटवलं. "चाल बघू." ती दारापर्यंत गेली आणि परत आली. सरळ. लंगडणं नावाला नाही. बाप-लेक एकमेकांकडे बघून हसले.

"आईला सांगायचं नाही हं," बाबा म्हणाले. "उगाच जिवाला घोर लावून घेईल. ही आपली गंमत."

"अळीमिळी गुपचिळी," भिंगरीने ओठांवर बोट ठेवलं.

तिला ते दिवस फार सुखाचे वाटले होते. बाबांची आणि आपली एक गंमत आहे, जी आईला माहीत नाही, आत्याला माहीत नाही, आणि ती माझ्याच जोड्यात आहे! काही दिवसांनी टाच पुन्हा उचलली जायला लागली. बाबांनी आणखी एक पट्टी बसवली. मग आणखी एक. गुडघा वाकत होता आणि जोडा त्याचे लाड पुरवत होता.

आई तिला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. भला माणूस. पण त्यांचा दवाखाना शाळा सुटल्यावर उघडायचा. तोवर गुडघ्याची गाठ सुटलेली, आणि पायात बाबांचा जोडा. डॉक्टरांनी तिला दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं.

"झकास चालते की."

"सकाळी बघायला हवं होतं, डॉक्टर. सकाळी जिना बसून उतरते."

"सकाळी उठायचं माझ्याही जिवावर येतं, बाई," डॉक्टर हसून म्हणाले. "वाढीचं वय आहे. दूध प्यायला द्या."

आई पुन्हा गेली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी भिंगरीऐवजी आईलाच विचारलं की झोप नीट लागते का. घरी आत्या म्हणाली, "शाळा चुकवायची थेरं आहेत. आणि तू तिला डोक्यावर बसवतेस." बाबा म्हणाले, "नीट तर चालते. माझ्यापेक्षा का तुला पायांतलं जास्त कळतं?" सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोर सरळ चालत होती आणि आई एकटीच म्हणत होती की ती लंगडते. अशा बाईला लोक काय म्हणणार?

एका दुपारी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मधेच हात थांबवून तिने विचारलं, "भिंगरे, खरं सांग. मला उगाचच वाटतंय का गं?"

भिंगरी म्हणाली, "हो."

एवढीशी पोर ती, तिला काय कळणार. पण तो "हो" ऐकल्यावर आईने हातातला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा तशीच घडी घातली, आणि मग पुन्हा उलगडला. ते अजूनही भिंगरीला कपडे आवरताना आठवतं.

पण आई हरली नाही, हे तिचं मोठेपण. तिने कुणाकडून तरी शोधून काढलं की मोठ्या इस्पितळात फक्त लहान मुलांचे सांधे बघणाऱ्या डॉक्टरीणबाई बसतात, आणि सकाळी बसतात. तिने घरात कुणाला न विचारता जायचं ठरवलं. भिंगरीला तिने उठवलं ते स्वेटर चढवून, तोंड धुऊन थेट बसमध्ये. पण बस लांबची, आणि इस्पितळातली रांग त्याहून लांब. आत जायची पाळी येईपर्यंत पाय बराच मोकळा झाला होता. आई घड्याळाकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

डॉक्टरीणबाईंचा चष्मा गळ्यात दोरीला लोंबत होता. त्यांनी "दुखतं का" असं विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "आधी ही काय करायची, जे आता करत नाही?"

हा प्रश्न आईला कुणी विचारला नव्हता. "फिरायची," ती म्हणाली. "गिरक्या घ्यायची. घरभर. म्हणून तर तिला भिंगरी म्हणतो."

"आणि आता?"

"आता बसते."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "चालून दाखव बघू, बाळ. त्या खिडकीपर्यंत जा आणि ये."

भिंगरी चालली. सरळ, टाच टेकवत, अगदी बाबांनी शिवलेल्या जोड्याला शोभेल अशी. परत वळली तेव्हा तिला आईचा चेहरा दिसला. आईने पर्स उचलून मांडीवर घेतली होती आणि तिचा बंद बोटाला गुंडाळत होती. निघायची तयारी.

"माफ करा हं, डॉक्टर," आई म्हणाली, "म्हणजे सकाळी असते तेव्हा... सगळेच म्हणतात मला उगाच वाटतं..."

भिंगरीला तोवर आई रागावलेली माहीत होती, दमलेली माहीत होती. अशी माफी मागणारी आई तिने पाहिली नव्हती. तिला एकदम रडू फुटायला आलं. बाबांची गंमत एकीकडे आणि ही आई एकीकडे. ती मटकन खाली फरशीवर बसली आणि डाव्या जोड्याचं बक्कल काढायला लागली.

"काय गं, काय झालं?" आई म्हणाली.

"जोड्यात गंमत आहे," भिंगरी म्हणाली. "बाबांची. पण तुम्ही बाबांना सांगू नका."

डॉक्टरीणबाईंनी जोडा हातात घेतला, आत बोटं घातली, अस्तर उचकटलं. एकाखाली एक चामड्याच्या पट्ट्या निघाल्या. त्यांनी त्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. मग म्हणाल्या, "आता अनवाणी चाल."

टाच टेकली नाही. प्रत्येक पावलाला भिंगरी डावीकडे कलत होती. खिडकीपर्यंत जाऊन परत येताना आई रडताना दिसली. आजाराचं रडू नंतर आलं. हे रडू वेगळं होतं. आपल्याला दिसत होतं ते खरोखरच होतं, आपल्याला वेड लागलं नव्हतं, याचं हे रडू होतं. भिंगरीला ते स्वतः आई झाल्यावर कळलं.

मग डॉक्टरीणबाईंनी सगळं सावकाश तपासलं. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही गुडघ्यांची ऊब पाहिली. पाय सरळ करून पाहिला, तो एका ठिकाणी येऊन अडला. मांड्यांना फीत लावली, डावी मांडी बारीक झाली होती. बोटं, मनगटं, घोटे, मान, जबडा, काही सोडलं नाही. हे कधीपासून, ताप येतो का, अंगावर पुरळ येतं का, आधी कुठला मोठा आजार झाला होता का, सगळं विचारलं. रक्त तपासायला पाठवलं आणि एका आठवड्याने पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी आईला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"लहान मुलांनासुद्धा संधिवात होतो," त्या म्हणाल्या. "त्याचं नाव ठरवून देईल अशी एक तपासणी नसते. दुसरं काही नाही ना हे बघायचं, सूज किती आठवडे आहे ते बघायचं आणि मूल नीट बघायचं. मुलं दुखतं म्हणून सांगत नाहीत. ती ते काम करायचं सोडून देतात आणि आपल्याला वाटतं शहाणी झाली." मग त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. याच आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते, डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि नजर जाते तेव्हाच कळतं. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठरल्या वेळी जायचं, काही होत नसलं तरी जायचं.

"आणि पाय?" आईने विचारलं. "पाय असाच राहील का?"

डॉक्टरीणबाईंनी जोडा पुन्हा हातात घेतला होता. "हिचे वडील जोडे शिवतात का? फार सुंदर काम आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता. "म्हणूनच इतका उशीर झाला. वाकलेल्या गुडघ्याला आयती सोय मिळाली. त्याला सरळ व्हायचं कारणच उरलं नाही. अजून वेळ गेलेली नाही. सुईने सांध्यात औषध देऊ, पोटातून औषध देऊ, व्यायाम रोज. पण जोडे सपाट हवेत. लंगडू दे तिला. ती कशी चालते ते मला दिसलं पाहिजे."

पट्ट्या निघाल्या त्याच दिवशी दोघी घरी आल्या, तेव्हा बाबा मशीनवर होते आणि आत्या त्यांच्याशी कशावरून तरी वाद घालत होती. आईने डावा जोडा मशीनच्या फळीवर ठेवला, शेजारी पट्ट्या ठेवल्या. बाबांनी पाय थांबवला. आत्याने तोंड उघडलं आणि तिलाच काय वाटलं कोण जाणे, मिटून घेतलं. आता आईच्या तोंडाचा पट्टा सुटणार, असं भिंगरीला वाटलं. पण आई हळू आवाजात बोलली.

"सकाळी जिन्यावर धप धप वाजतं, ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

बाबांनी फळीवरची रापी उचलली.

"येत होतं," आई म्हणाली. "ती पहिल्या पायरीवर बसली की तुम्ही मशीन सुरू करत होतात. रोज. मला वाटायचं, कामाची घाई असेल."

भिंगरीला आठवलं. खरंच की. ती वरच्या पायरीवर टेकायची आणि खाली मशीन खडखड सुरू व्हायचं. तिला वाटायचं, बाबा आपल्यासाठी वाजवतात. मशीनच्या तालावर ती एकेक पायरी उतरायची.

बाबांनी हातातली रापी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "मला ते ऐकवत नव्हतं."

"मी पण घाबरले होते," आई म्हणाली. "पण मी एकटी घाबरत होते."

एवढंच. त्यानंतर आयुष्यभरात आईने तो विषय काढला नाही. इतर हजार गोष्टींवरून ती बाबांना फाडून खायची, छत्री विसरली म्हणून दोन दिवस बोलायची, पण हे नाही.

बाबांनी नवे जोडे शिवले. तेच हे तपकिरी, बक्कलवाले, दोन्ही सपाट. त्या जोड्यांत भिंगरी उघड उघड लंगडायची, आणि जोडेवाल्याची पोर बापाने शिवलेल्या जोड्यांत लंगडत भर गल्लीतून शाळेला जाते, हे बाबांनी कसं सोसलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. ते स्वतः तिला सोडायला जायला लागले. तिचा हात धरून, तिच्या चालीने. वाटेत कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "काय, घरचाच जोडा चुकला वाटतं?" बाबा थांबले. "जोडा बरोबर आहे," ते म्हणाले. "पाय आजारी आहे." आणि पुन्हा तिच्या चालीने चालायला लागले.

आत्याने आधी हा आजार मनाला लावून घेतला. "संधिवात माझा," ती म्हणाली, "माझ्या आधी या चिमुरडीला कसा काय?" मग तिने व्यायामाचं खातं स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी गरम पाण्याची पिशवी, मग पाय ताठ, मग ढिला, पुन्हा ताठ. भिंगरी कुरकुरली की आत्या स्वतः शेजारी पाय पसरून बसायची आणि दोघी मिळून ओरडायच्या. औषधाच्या दिवशी भिंगरीला मळमळायचं, आई पाठीवरून हात फिरवत बसायची. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यंत्रावर हनुवटी टेकवून ती कितीदा बसली असेल. एकदा सूज निघालीही, पण नुकतीच सुरू झालेली, थेंब घालून आटोक्यात आली. आईने ती तारीख कधी चुकवली नाही.

आणि बाबांनी मशीन हलवलं. आधी ते खिडकीकडे तोंड करून असायचं, ते त्यांनी जिन्याकडे तोंड करून लावलं. सकाळी वरचं दार वाजलं की ते पायटा सोडून द्यायचे आणि ऐकत बसायचे. धप, धप. काही महिने धपच. मग पावलांचा आवाज यायला लागला, पण एका पायरीवर दोन्ही पाय, थांबत थांबत. बाबा मान खाली घालून ऐकायचे. त्यांनी एकदाही मशीन मधेच सुरू केलं नाही.

मग हिवाळा पुन्हा आला आणि गेला. एका सकाळी भिंगरीला शाळेला उशीर झाला होता, आई वरून ओरडत होती, आणि ती दप्तर सावरत घाईघाईने उतरली. खाली पोचल्यावर तिला दिसलं की बाबा तिच्याकडे बघतायत आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळतंय. तिला कळेना काय झालं. मग कळलं. एका पायरीवर एक पाऊल. तिने लक्षही दिलं नव्हतं. बाबा हसावं की रडावं अशा आवाजात म्हणाले, "फिर बघू एकदा." तिने कठड्याला धरून एक गिरकी घेतली. बेंगरूळच झाली ती, दप्तर भिंतीवर आपटलं, पण झाली. त्या दिवशी दुपारपर्यंत बाबांनी मशीनला हात लावला नाही.

खालून मशीनची खडखड ऐकू आली तेव्हा भिंगरी भानावर आली. पिशव्यावाल्या बाई आल्या असणार आणि चालवून बघत असणार. तिने तो छोटा जोड पुन्हा स्वेटरात गुंडाळला. हा द्यायचा नाही, टाकायचा नाही, आपल्याबरोबर न्यायचा. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. थंडीत तो अजून जरा धरतो, तेवढं चालायचंच. तिने वरचं दार उघडलं.

जिन्याच्या डोक्यावरून खालचं दुकान दिसत होतं. भिंती रिकाम्या, लाकडी पाय खोक्यात भरलेले. बाई मशीनवर जोरात पाय मारत होत्या आणि बाबा शेजारी खुर्चीवर बसले होते. त्यांना ते दार करकरल्याचं ऐकू येणं शक्यच नव्हतं. हल्ली कानाशी ओरडावं लागतं. पण ते जिन्याकडे बघत होते, आणि त्यांना ती दिसली. त्यांनी थरथरता हात बाईंच्या मनगटावर ठेवला.

"थांबवा जरा," ते म्हणाले. "मुलगी जिना उतरतेय."

"उतरू द्या की, काका," बाई गोंधळून त्यांच्या कानाशी ओरडल्या. "मशीनची काय अडचण?"

"ऐकू येत नाही मग."

बाईंनी पाय काढून घेतला. चाक फिरून फिरून थांबलं. दुकान अगदी शांत झालं. भिंगरीने कठडा सोडला, जोड छातीशी धरला आणि एकेका पायरीवर एकेक पाऊल मुद्दाम जोरात आपटत ती उतरायला लागली. बाबा मान खाली घालून बसले होते. ती खाली येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि बाईंना म्हणाले, "हं, आता चालवा."